जुन्या चित्रपटगृहाचा वर्धापनदिन अभिजात चित्रपटाने साजरा करताना : कोल्हापुरातील नव्या आयोजकांसाठी मार्गदर्शन

आपल्या पेठेतील जुन्या चित्रपटगृहाला पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर वर्षे पूर्ण होत असतील आणि त्या दिवशी त्याच पडद्यावर एखादा अभिजात चित्रपट पुन्हा दाखवावा असे आपल्या मनात असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. अशाच एका चित्रपटगृहाच्या अमृतमहोत्सवाचे काम आम्ही सात-आठ जणांनी केले. आमच्यापैकी कोणालाही पूर्वानुभव नव्हता. आम्ही आधी तारीख ठरवली, निमंत्रणपत्रिका छापल्या आणि त्यानंतर चित्रपटाची प्रत शोधायला निघालो. परिणामी चित्रपटही बदलावा लागला आणि पत्रिकाही पुन्हा छापाव्या लागल्या. प्रत हाती येऊन ती पडद्यावर पाहिल्याशिवाय तारीख जाहीर करू नये, ही गोष्ट आम्हाला कोणी वेळीच सांगितली असती, तर दोन महिन्यांची धावपळ वाचली असती. म्हणून पुढील कामे मी प्रत्यक्षात ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने लिहिली आहेत. हाताशी किमान चार महिने ठेवावेत.

१. चित्रपटगृहाचा जन्मदिवस नक्की करा

मालकांच्या घरी सांगितली जाणारी तारीख, इमारतीवर कोरलेले साल आणि परवान्यावरील साल ही तीनही बहुधा वेगवेगळी निघतात. इमारत एका वर्षी उभी राहते, तेथे आधी नाटके होतात, मग चित्रपट सुरू होतात आणि कधी मधेच चित्रपटगृहाचे नावही बदलते. आपण नेमके कशाचे वर्धापन साजरे करीत आहोत, हे आधी ठरवा. माझ्या मते पहिला सार्वजनिक खेळ झाला तो दिवस धरणे सर्वांत योग्य आहे, कारण प्रेक्षकांचे त्या जागेशी नाते त्या दिवशी जुळले.

पुराव्यासाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, जिल्हाधिकारी कार्यालयाकडील जुने परवाने आणि त्या काळातील वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहाव्यात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीचे चित्रपटगृह असल्यास परवानगीची कागदपत्रे संस्थानच्या दप्तरात असू शकतात आणि त्यासाठी पुराभिलेखागारात लेखी अर्ज करावा लागतो. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांतही चौकशी करावी. जुन्या अंकांचे कागद घडीवर तुटतात, तेव्हा झेरॉक्सचा आग्रह न धरता परवानगी घेऊन मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि त्यातच अंकाची तारीख दिसेल असे पाहावे. आम्ही जाहिरातीचे छायाचित्र काढले पण तारखेचा मथळा बाहेर राहिला, त्यामुळे पुन्हा तेच बाड उघडायला लावावे लागले.

२. चित्रपट निवडा, परंतु दोन पर्याय राखून ठेवा

कोल्हापुरात हा विचार भावनेचा असतो आणि तो तसा असणे स्वाभाविक आहे. बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी येथेच स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्याला जाण्यापूर्वी तिने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ मध्ये येथेच तयार केला. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तर कित्येकांच्या घरच्या आठवणींचा भाग आहे. साहजिकच बैठकीत प्रत्येक जण वेगळे नाव सुचवतो.

निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. या चित्रपटाचा आपल्या गावाशी किंवा याच चित्रपटगृहाशी खरा संबंध आहे का? त्याची मोठ्या पडद्यावर दाखवण्याजोगी प्रत अस्तित्वात आहे का? आणि आज सत्तरीत असलेला प्रेक्षक व त्याची नात असे दोघेही तो शेवटपर्यंत बसून पाहतील का? मूकपटांचे आकर्षण सर्वांनाच असते, परंतु महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, म्हणून त्यावरच मन बसवू नये. आम्ही शेवटी भालजींचा १९६५ चा ‘साधी माणसं’ निवडला, ज्याला लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले आहे. लोहाराच्या भात्यापाशी बसलेल्या त्या जोडप्याला पाहायला आमच्या गल्लीतील लोहारकाम करणारी दोन कुटुंबे सर्वांच्या आधी येऊन बसली होती.

३. हक्कांची बाब लेखी मिटवा

या टप्प्यावर सर्वाधिक गैरसमज आहेत. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क, तो ज्या वर्षी प्रदर्शित झाला त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. १९६६ चा चित्रपट असेल, तर ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालू आहे. साल मोजताना चित्रीकरणाचे किंवा सेन्सॉरचे नव्हे, तर प्रदर्शनाचे वर्ष धरावे.

मात्र मुदत संपली म्हणजे सर्व मोकळे झाले असे समजू नये. कथा, गीते आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते त्या त्या लेखक, गीतकार किंवा संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतात. शिवाय ज्यांच्याकडे चांगली प्रत आहे ते ती आपल्या अटींवर देतात, आणि त्या अटी आपल्याला पाळाव्याच लागतात. म्हणून हक्काची मुदत चालू असो वा संपलेली असो, निर्मात्याच्या वारसांकडून किंवा हक्कधारकांकडून ना हरकत पत्र घ्यावे. त्यात चित्रपटाचे नाव, चित्रपटगृह, खेळांची संख्या, अपेक्षित तारीख, तिकीट लावणार की प्रवेश विनामूल्य, आणि मानधन किती, हे सर्व स्पष्ट असावे. ‘आपलाच कार्यक्रम आहे, दाखवा’ असे फोनवरचे शब्द मनापासून असले, तरी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरातील दुसऱ्या वारसाने विचारणा केली तर आपल्या हाती काहीच नसते. आमच्याबाबतीत असे घडले आणि रात्री अकरा वाजता त्यांच्या घरी जाऊन पत्रावर सह्या घ्याव्या लागल्या.

चित्रपटगृहात चित्रपटासोबत जी गाणी वाजतात त्यांची वेगळी रॉयल्टी चित्रपटगृहाला भरावी लागत नाही. परंतु खेळापूर्वी आवारात जुन्या गाण्यांच्या तबकड्या किंवा ध्वनिफिती वाजवायच्या असतील, तर ते सार्वजनिक वादन ठरते आणि त्याचा परवाना निराळा घ्यावा लागतो.

४. प्रत मिळवा आणि ती अखेरपर्यंत पाहा

संपूर्ण आयोजनाचा प्राण या टप्प्यात आहे. प्रत मिळण्याची ठिकाणे साधारण तीन : निर्मात्यांचे वारस, वितरक आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे १९६४ साली स्थापन झाले आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. संग्रहालयाकडे अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, हक्कधारकांच्या पत्रासह आणि पुरेसा आधी करावा. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे कार्यालय कोल्हापुरातच असल्याने जुन्या निर्मात्यांच्या वारसांपर्यंत पोहोचण्यासाठी तेथे प्रत्यक्ष जाऊन भेटणे उपयोगी पडते.

एखाद्याने पेन ड्राइव्हवर आणलेली किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली प्रत कदापि वापरू नये. ती बेकायदा तर असतेच, शिवाय घरातील टीव्हीवर ठीक दिसणारे चित्र तीस फुटी पडद्यावर चौकटी-चौकटींचे दिसते आणि जो कलावंत पाहायला लोक आलेले असतात त्याचा चेहराच ओळखू येत नाही.

डिजिटल प्रत असल्यास. चित्रपटगृहांत चालते ती डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज). ती हार्ड डिस्कवर येते आणि सर्व्हरवर, म्हणजे चित्रपट साठवून चालवणाऱ्या चित्रपटगृहातील संगणकावर, उतरवून घ्यायला काही तास लागू शकतात. ती कुलूपबंद असेल, तर केडीएम नावाची किल्ली लागते. ही किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. येथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे किल्ली फक्त कार्यक्रमाच्या वेळेची मागितली जाते आणि चाचणी करता येत नाही. म्हणून मुदत किमान तीन दिवस आधीपासून मागावी. दुसरा म्हणजे मधल्या काळात सर्व्हर बदललेला असतो. म्हणून सर्व्हरचा क्रमांक ऑपरेटरने यंत्रासमोर उभे राहून वाचून द्यावा, जुन्या कागदावरून उतरवू नये.

फिल्मची प्रत असल्यास. ३५ मिलिमीटरचे यंत्र चालू स्थितीत असलेले चित्रपटगृह आज दुर्मीळ आहे, पण आपल्याकडे ते असेल तर ते भाग्यच म्हणावे. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे असे समजावे आणि ती यंत्रात न घालता परत करावी. वास नसल्यास अनुभवी ऑपरेटरकडून संपूर्ण प्रत हाताने गुंडाळून तपासून घ्यावी. आमच्या ऑपरेटरकाकांनी पांढरा सुती हातमोजा घालून फिल्मच्या दोन्ही कडा बोटांच्या चिमटीत धरल्या आणि रीळ सावकाश फिरवत ठेवले; जेथे भोके फाटली होती किंवा जोड सुटत होता तेथे त्यांचा हात आपोआप थांबे आणि ते न पाहताच ‘इथं बघा’ म्हणत. हजार फुटांचे रीळ पडद्यावर अकरा मिनिटांत संपते. ते तपासायला त्यांना पाऊण तास लागला. दोन यंत्रांवर खेळ चालवायचा असेल, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर दिसणारे ठिपके शाबूत आहेत ना, हेही पाहावे : पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू होते आणि साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र बदलते. १९५० च्या आसपासची किंवा त्याहून जुनी फिल्म घरात सापडली असेल, तर ती नायट्रेटची असण्याची शक्यता असते. ती अतिशय ज्वालाग्राही असते. ती चालवू नये, तापू देऊ नये. थेट संग्रहालयाला कळवावे.

चित्राचा आकार. एवढे एकच तांत्रिक वाक्य लक्षात ठेवले तरी चालेल : जुन्या कृष्णधवल चित्रपटांचे चित्र जवळजवळ चौकोनी असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचे पडदे रुंद आहेत. सवयीने ऑपरेटर चित्र पडदाभर पसरवतो आणि मग एकतर माणसे आडवी ताणलेली दिसतात किंवा वरून-खालून चित्र कापले जाते. आमच्या पहिल्या चाचणीत नायिकेचे कुंकू पडद्याबाहेर गेले होते. मागे बसलेल्या एका आजींनी ते सर्वांत आधी ओळखले. दोन्ही बाजूंचे काळे पडदे आत ओढून चित्र मूळ आकारातच दाखवावे आणि ‘पडदा रिकामा दिसतो’ या तक्रारीला बळी पडू नये.

आवाजही असाच. मूळ ध्वनी एकाच मार्गिकेवरचा असतो, म्हणून तो पडद्यामागील मधल्या स्पीकरवरूनच यावा. चारही भिंतींवरून सोडला की संवाद घुमतात.

५. प्रमाणपत्र, परवाने आणि कागदपत्रांची फाइल

जुन्या चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर पूर्वी दहा वर्षांची मुदत असे, त्यामुळे अनेक आयोजक घाबरतात. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला कायमस्वरूपी वैधता आहे. परंतु आपण दाखवत असलेली प्रत प्रमाणित प्रतीशी जुळायला हवी. वेळ वाचवण्यासाठी स्वतः एखादे दृश्य किंवा गाणे कापणे कायद्यालाही धरून नाही आणि चित्रपटाचाही तो अपमान आहे. चित्रपटात विडी, चिलीम किंवा तंबाखू दिसत असेल, आणि जुन्या ग्रामीण चित्रपटांत ती दिसतेच, तर आरंभी व मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची आरोग्यविषयक चित्रफीत दाखवावी लागते.

चित्रपटगृह चालू असेल तर त्याचा परवाना मालकांकडे असतो. काही वर्षे बंद असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शाखेत सर्वांत आधी जावे, कारण परवानगीसाठी इमारतीची मजबुती, वीजजोडणी आणि अग्निशमन यांचे दाखले मागितले जातात आणि प्रत्येक दाखल्याला वेळ लागतो.

एका फाइलमध्ये पुढील कागद दोन-दोन प्रतींत ठेवावेत :

- चित्रपटगृहाचा चालू परवाना आणि मालकांचे संमतिपत्र
- हक्कधारकांचे ना हरकत पत्र व मानधनाची पावती
- सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत
- अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला आणि वीजतपासणीचा अहवाल
- ऑपरेटरचा परवाना
- पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोचपावती आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी
- रस्त्यावरील फलक व कमानींसाठी महानगरपालिकेची परवानगी
- तिकीट लावल्यास जीएसटीचा तपशील

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. तिकीट शंभराच्या आत ठेवणे सर्वांच्याच सोयीचे आहे.

६. इमारतीला आधी पाहा, मग सजवा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग ज्यांनी पाहिली, त्यांना या मुद्द्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेली ती वास्तू, आणि आगीनंतर खासबागेच्या बाजूला उभे राहून रडणारी माणसे, हे दृश्य या गावाच्या मनातून जाणार नाही. जुन्या चित्रपटगृहात लाकूड, कापड आणि जुन्या तारा एकत्र नांदत असतात. म्हणून परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तारांची तपासणी करून घ्यावी, रोषणाईच्या माळांसाठी स्वतंत्र जोडणी घ्यावी, संकटकाळी बाहेर पडण्याचे सर्व दरवाजे प्रत्यक्ष उघडून पाहावेत आणि त्यांच्यासमोर खुर्च्या, फुलांच्या टोपल्या किंवा प्रदर्शनाचे फलक अजिबात ठेवू नयेत. आमच्याकडे असा एक दरवाजा कित्येक वर्षे बाहेरून कुलूपबंद होता आणि किल्ली कोणाकडेच नव्हती.

खुर्च्यांची दुरुस्ती, छताची गळती आणि स्वच्छतागृहे यांवर खर्च करायला कचरू नये. फुलांच्या कमानीपेक्षा ज्येष्ठ प्रेक्षकांना त्याचा उपयोग अधिक होतो.

७. आता तारीख जाहीर करा

प्रत पाहून झाली, फाइल पूर्ण झाली, की तारीख पक्की करून जाहीर करावी. नेमका वर्धापनदिन जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल, तर पंचगंगेच्या पुराचा विचार करून मुख्य खेळ हिवाळ्यात ठेवावा आणि वर्धापनदिनी फक्त दीपप्रज्वलन करावे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीमुळे शहराच्या मध्यभागी वाहने लावायला जागा मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात. वेळ दुपारी तीनची उत्तम. वयस्कर मंडळी उजेडात घरी पोहोचतात.

प्रवेशिका आसनसंख्येपेक्षा एकही जास्त छापू नये. ‘विनामूल्य’ म्हटले की अर्धे लोक येत नाहीत, असा सल्ला आम्हाला मिळाला होता आणि त्यावर विसंबून आम्ही सव्वापट प्रवेशिका वाटल्या. त्या दिवशी सर्व आले. परवान्यातील आसनसंख्येपेक्षा अधिक प्रेक्षक आत घेता येत नाहीत, त्यामुळे दारातून परत गेलेल्या माणसांची क्षमा मागून त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक खेळ लावावा लागला, तोही हक्कधारकांनी आयत्या वेळी परवानगी दिली म्हणून. आसनक्रमांक छापलेल्या प्रवेशिका तिकीटबारीवरूनच, रांगेत उभे राहून घ्यायला लावाव्यात. रांगेत जुने प्रेक्षक एकमेकांना भेटतात, आणि त्या गप्पा ऐकण्यासाठी मी स्वतः दोन दिवस बारीशेजारी बसलो होतो.

जाहिरातीसाठी शक्य असल्यास एक तरी भित्तिपत्रक हाताने रंगवून घ्यावे. जी. कांबळे यांच्यासारखा पोस्टर-चित्रकार घडवणाऱ्या या गावात छापील फ्लेक्सवर समाधान मानू नये. कलाशाळांतील विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. त्यांना रंगांचा खर्च आणि योग्य मानधन द्यावे.

८. सत्कार कोणाचा करायचा

व्यासपीठावर पाहुणे कमी आणि चित्रपटगृहात राबलेली माणसे जास्त असावीत. ऑपरेटर, डोअरकीपर, तिकीटबारीवरचे कारकून, रीळ सायकलवरून एका चित्रपटगृहातून दुसऱ्याकडे पोहोचवणारी मुले, मध्यंतरात शेंगदाणे विकणारे, झाडलोट करणाऱ्या मावशी, या सर्वांची यादी जुन्या हजेरीपटावरून आणि पेठेत विचारून करावी. त्यांना निमंत्रण टपालाने न पाठवता घरी जाऊन द्यावे, कारण त्याच भेटीत जुनी छायाचित्रे, तिकिटांची अर्धुके आणि आठवणी मिळतात. या वस्तू घेताना मात्र लेखी पोच द्यावी आणि परत करण्याची तारीख लिहावी.

भाषणे एकूण वीस मिनिटांत संपवावीत.

९. खेळाच्या दिवशी

सकाळी संपूर्ण नव्हे, पण प्रत्येक रीळ किंवा प्रत्येक भागाची सुरुवात पुन्हा चालवून पाहावी. जनित्रात डिझेल भरून ठेवावे. ऑपरेटरच्या केबिनमध्ये सत्कारमूर्ती, पत्रकार किंवा आयोजक यांपैकी कोणालाही खेळ चालू असताना सोडू नये. व्यासपीठाचे टेबल आणि समई पडद्यासमोरून हलवण्याची जबाबदारी दोन ठरावीक माणसांवर नावानिशी सोपवावी. मध्यंतर मूळ चित्रपटात जेथे आहे तेथेच घ्यावे. दारापाशी एक प्रथमोपचार पेटी, दोन चाकाच्या खुर्च्या आणि पिण्याचे पाणी असावे.

गाणे सुरू झाले आणि प्रेक्षक सोबत गाऊ लागले, तर त्यांना गप्प करू नये.

१०. दुसऱ्या दिवशीची कामे

प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत पाठवावी. डबे किंवा हार्ड डिस्क मोजून, स्थितीची नोंद करून, घेणाऱ्याची सही घ्यावी. सर्व्हरवर उतरवलेली प्रत ऑपरेटरसमक्ष पुसून टाकावी आणि तसे हक्कधारकांना कळवावे. आणलेल्या वस्तू घरोघरी परत कराव्यात. जमाखर्च आठ दिवसांत लिहून मालक, देणगीदार आणि समितीतील प्रत्येकाला द्यावा. शोधून काढलेल्या परवान्यांच्या, जाहिरातींच्या आणि छायाचित्रांच्या प्रतींचा एक संच चित्रपटगृहात आणि एक संच ग्रंथालयात जमा करावा, म्हणजे पंचवीस वर्षांनी शताब्दी करणाऱ्या मंडळींना तेच बाड पुन्हा उघडावे लागणार नाही.